चित्र अडखळते तेव्हा

शिलाई यंत्राच्या पट्ट्याविषयी आम्ही या स्तंभात चार ओळी लिहिल्या, त्यानंतरच्या रविवारी मिस्सा आटोपून बाहेर पडत असता आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी आम्हांस दारातच भेटल्या. पतिनिधनाला सहा वर्षे झालेली, थोरला मुलगा मस्कतला नोकरीस, धाकटा बारावीत. हातातील जपमाळ पर्समध्ये ठेवीत त्या म्हणाल्या, "तुम्ही मशीनचं लिहिता न्हवं? मग आमच्या कॉम्प्युटरचं काय ते एकदा बघा की हो. दुकानवाला बावीस हजार सांगतोय."

संगणक कशासाठी वापरता, असे आम्ही विचारले. त्या क्षणभर घुटमळल्या आणि मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "खेळायला."

वाचकांपासून काही लपविण्याचे कारण नाही. संगणकावरील खेळांविरुद्ध आम्ही याच जागी पूर्वी दोन कडक शब्द लिहिलेले आहेत, आणि ते या बाईंनी वाचले असावेत, म्हणूनच त्या घुटमळल्या. खेळण्याकरिता बावीस हजार, हे ऐकून आमच्या कपाळावर आठी चढली, हेही खरेच. पण मग त्यांनी पुढची हकीकत सांगितली. थोरल्याने आपल्या पहिल्या कमाईतून २०१७ साली हा संगणक घेतला. मस्कतला जाताना तो धाकट्याच्या स्वाधीन करून गेला. तिकडे शुक्रवारी सुटी. त्या रात्री, घरची जपमाळ झाली की, दोघे भाऊ इंटरनेटवरून एकाच बाजूने 'रॉकेट लीग' नावाचा खेळ खेळत. मोटारगाड्यांनी मोठा चेंडू ढकलून गोल करावयाचा, असा तो खेळ आहे. त्यात रक्तपात नाही. खेळता खेळता दोघांच्या गप्पा होत आणि आई बाजूला बसून भाजी निवडता निवडता त्या ऐके. "फोनवर तो दोन मिनिटांत 'बरं आहे' म्हणून ठेवतो बघा. खेळताना मात्र सगळं बोलतो. जेवला काय, खोलीतला मुलगा आजारी आहे, सगळं."

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी घर बदलले. तेव्हापासून पडद्यावरचे चित्र अडखळू लागले. चेंडू इकडे दिसे, असे तिकडे. धाकट्यामुळे सामने हरू लागले, भाऊ चिडला, धाकटाही चिडला, आणि सलग तीन शुक्रवार संगणक उघडलाच गेला नाही. दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड गेले असे सांगून नवे कार्ड आणि त्याला लागणारा मोठा एसएमपीएस, असा मिळून २२,००० रुपयांचा आकडा सांगितला होता. बाई पतसंस्थेतील ठेव मोडावयास निघाल्या होत्या. ती ठेव धाकट्याच्या पुढील वर्षाच्या कॉलेजप्रवेशासाठी ठेवलेली होती.

आम्ही त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

यंत्र पुढीलप्रमाणे होते: इंटेलचा आय-५ ४४६० हा २०१४ सालचा, चार गाभ्यांचा प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅमपट्टी, आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबी स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड, जे २०१६ च्या ऑक्टोबरात प्रथम बाजारात आले. आजच्या मानाने हा म्हातारा खराच. परंतु रॉकेट लीग हा खेळ २०१५ चा, म्हणजे या कार्डाहून वयाने मोठा. तो या यंत्रावर वर्षानुवर्षे सुरळीत चाललेला. येथेच आम्हांस पहिली शंका यावयास हवी होती. जुने यंत्र नव्या खेळापुढे दमते, हे समजण्याजोगे आहे. पण जो खेळ काल चालत होता तोच आज चालत नसेल, तर मध्यंतरी काहीतरी बदललेले असते, आणि ते काय बदलले हा पहिला प्रश्न असावयास हवा. आम्ही तो विचारला नाही. तो न विचारल्याची शिक्षा आम्हांस पुढे दोन दिवस भोगावी लागली.

चित्र अडखळते म्हणजे नेमके काय होते, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ पालक हा दोष इंटरनेटचा समजतात. पडद्यावरील हालचाल ही चित्रपटाप्रमाणेच एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची बनलेली असते. संगणकवाले त्या प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. मात्र चित्रपटाची चित्रे आधी काढून ठेवलेली असतात; खेळातील चित्रे त्या त्या क्षणी नव्याने रंगवावी लागतात, कारण खेळणारा गाडी कुठे वळवील हे आधी कोणास ठाऊक? सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्रास सुमारे १७ सहस्रांश सेकंद मिळतात. या घरचा मॉनिटर १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा. म्हणजे एका चित्रात १०,४९,०८८ ठिपके आणि सेकंदाला सहा कोटी एकोणतीस लक्षांहून अधिक. ही रंगकामाची मजुरी ग्राफिक्स कार्ड करते. कोणती गाडी कुठे, चेंडू कुठे उसळला, हा हिशेब मात्र प्रोसेसर करतो आणि कार्डाला सांगतो. दोघांपैकी एकजण मागे पडला की चित्र अडखळते. इंटरनेट मंदावले, तर चित्र गुळगुळीत राहते, पण इतर गाड्या एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतात. हा भेद डोळ्यांना सरावाने कळतो. खेळाच्या सेटिंगमधून सेकंदाला किती फ्रेम होतात तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दाखविता आला, तर डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागत नाही. आम्ही तो आकडा दाखविण्याची सोय सुरू केली. २२, १९, २४. साठ हवे तेथे वीस.

येथे आमची चूक झाली. ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यामधील दुभाषी आज्ञावली, बिघडला असावा, असे आम्ही मनाशी ठरवूनच टाकले. हे निदान करण्यात एक मोह असतो: त्यात काही उघडावे लागत नाही, हात मळत नाहीत, आणि शेजारी बसलेल्यास आपण काहीतरी करीत आहोत असे वाटते. जुना ड्रायव्हर काढला, नवा उतरवून घेतला, यंत्र बंद करून सुरू केले. सारी संध्याकाळ गेली. बाईंनी दोनदा चहा केला. शेवटी खेळ लावला तर आकडा २१.

"अंकल, कार्डच गेलंय," मुलगा म्हणाला. "दुकानात त्यांनी दाखवलं, त्याचा पंखाही फिरत नाही."

आम्ही झाकण काढून पाहिले. पंखा खरोखरच स्तब्ध होता. आम्हीही त्या रात्री जवळजवळ दुकानदाराच्या मताचे होऊन घरी परतलो, हे कबूल करावयास हवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आमच्या ध्यानात आले की आम्ही अजून एक अगदी साधी गोष्ट पाहिलेलीच नाही. काम कोण करीत आहे, हे पाहिले नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' या पानावर प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स यांवर त्या क्षणी किती भार आहे हे टक्क्यांत दिसते. ग्राफिक्सचा आलेख तेथे २०१७ च्या अखेरीपासून दिसू लागला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की ती खिडकी उघडते. हिच्यापुढे यंत्र सोडून द्यावे, खेळ चालू ठेवावा आणि काहीही न करता दहा मिनिटे पाहत बसावे. हे काम आम्ही प्रथम करावयास हवे होते, ते तिसऱ्या दिवशी केले.

तेथे 'जीपीयू ०' आणि 'जीपीयू १' अशा दोन नोंदी होत्या. पहिली इंटेल एचडी ४६००, दुसरी जीटीएक्स १०५० टीआय. खेळ चालू असता पहिल्याचा आलेख थेट माथ्याला टेकलेला. दुसऱ्याचा? शून्य. कार्ड बिघडले नव्हते. त्याला कोणी कामच सांगितले नव्हते. काही कंपन्यांच्या कार्डांत काम नसेल आणि कार्ड थंड असेल तर पंखा मुद्दामच थांबविलेला असतो. दुकानदाराने मृत्यूची खूण म्हणून जो दाखविला, तो निजलेल्याचा श्वास होता.

इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांच्या पोटातच एक लहानसे ग्राफिक्स यंत्र असते. कार्यालयीन कामास, चित्रपट पाहण्यास, शाळेच्या अभ्यासास ते पुरते. खेळास ते पुरत नाही. कारण त्याची स्वतःची स्मृती नसते, ते संगणकाच्या रॅममधूनच उधार घेते. या घरी रॅमची एकच पट्टी, डीडीआर-३, १६०० वेगाची. तिच्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १२.८ जीबी माहिती ये-जा करू शकते आणि त्यातही प्रोसेसरचा वाटा असतो. उलट १०५० टीआयच्या पाठीवर बसविलेल्या स्वतःच्या स्मृतीचा वेग सेकंदाला ११२ जीबी. एकाच विहिरीवर एकीकडे पोहरा आणि दुसरीकडे मोट, असा हा फरक आहे; आणि मोट जागच्या जागी असताना घर पोहऱ्यावर चालले होते.

असे का झाले? आम्ही संगणक फिरवून मागची बाजू पाहिली. मॉनिटरची निळ्या टोकाची केबल वरच्या बाजूस, मदरबोर्डच्या व्हीजीए खाचेत लावलेली होती. कार्डाच्या खाचा त्याखाली आडव्या ओळीत, तिन्ही मोकळ्या. मदरबोर्डच्या खाचेत जे पडदा लावतात त्यांचा पडदा प्रोसेसरच्या पोटातील त्या लहान यंत्राशी जोडला जातो, आणि विंडोज सामान्यतः ज्याला पडदा जोडलेला, त्याच्याकडून खेळ रंगवून घेते. मग मुलाला विचारताच सगळा उलगडा झाला. घर बदलताना टेंपोत मूळ मॉनिटर फुटला. शेजाऱ्यांनी आपला जुना मॉनिटर दिला. त्याला व्हीजीए हे एकच तोंड. पण १०५० टीआयच्या पिढीपासून एनव्हिडियाने कार्डांतून व्हीजीएला लागणारा संकेत काढूनच टाकला आहे. तेथे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय-डी एवढेच मिळतात. दुकानात नेला तेव्हा तेथील माणसाने केबल जेथे बसली तेथे लावली, पडद्यावर चित्र यावे म्हणून बायोसमध्ये जाऊन अंगभूत ग्राफिक्स सुरू केले, आणि पुढे तक्रार आल्यावर कार्डावर ठपका ठेवला. यात लबाडी होती की घाई, हे आम्ही सांगू शकत नाही. घाई असावी असे समजणे बरे.

उपाय म्हणून एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा एक छोटा कन्व्हर्टर आणला, ३५० रुपयांना. येथे एक सावधगिरीची सूचना. दोन्ही टोकांना वेगवेगळी तोंडे असलेली साधी तार या कामी उपयोगी नाही; एका जातीच्या संकेताचे दुसऱ्या जातीत रूपांतर करणारी चिप त्यात असावी लागते. दुकानात मागताना 'अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर' असे मागावे. आणि जोडण्यापूर्वी संगणक पूर्ण बंद करावा. आम्ही जोडला, खेळ लावला. आकडा ६० वर जाऊन स्थिर झाला. निजलेला पंखा थोड्या वेळाने आपोआप फिरू लागला. मुलगा एक अक्षर बोलला नाही. त्याने आईला हाक मारली आणि कोपऱ्यातील तो आकडा बोटाने दाखविला. तिला त्यातले काय कळले ते देव जाणे, पण ती हसली.

हकीकत येथे संपली असती तर आमच्या अहंकारास ते फार मानवले असते. बारा-तेरा मिनिटांनी आकडा ६० वरून ४० वर आला, मग २८, आणि तेथेच घुटमळू लागला.

आता मात्र आम्ही शहाणे झालो होतो. हात न लावता पाहत बसलो. कार्डाचा भार अर्ध्याहून कमी आणि तापमान ५८ अंश. म्हणजे ते सुखात होते. कार्डाचे तापमान टास्क मॅनेजर अलीकडे दाखवितो, प्रोसेसरचे दाखवीत नाही. म्हणून एचडब्ल्यू-इन्फो ही विनामूल्य मिळणारी आज्ञावली लावली. प्रोसेसरचे तापमान १०० अंश. या जातीच्या प्रोसेसरची ती कमाल मर्यादा. तेथे पोहोचताच तो आपला जीव वाचविण्यासाठी स्वतःचा वेग उतरवितो, आणि ३.२ गिगाहर्ट्झऐवजी निम्म्याने काम करू लागतो. हिशेबनीसच झोपेने पेंगू लागला तर रंगारी कितीही हुशार असून काय उपयोग? खात्री करून घेण्यासाठी आम्ही आणखी एक युक्ती केली, आणि ती प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचे रिझोल्यूशन एकदम खाली उतरवावे. त्याने कार्डाचे रंगकाम कमी होते, पण प्रोसेसरचा हिशेब तेवढाच राहतो. असे करून फ्रेमचा आकडा वाढला, तर कार्ड थकलेले आहे. नाही वाढला, तर कार्डाला दोष देऊ नये, अडचण दुसरीकडे आहे. आमचा आकडा २८ चा २९ झाला.

आम्ही यंत्र बंद केले, भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढली, मग संगणकाचे सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरले, जेणेकरून आत उरलेली वीज निघून जावी. अंगावरील स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावला. आत सात वर्षांची धूळ होती. प्रोसेसरवरील पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये तिचा अक्षरशः नमदा झालेला. अशी धूळ काढताना ओले फडके वापरू नये. ब्लोअरने उडवावी, आणि उडविताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर तो भलत्याच वेगाने गरगरून बेअरिंगचा नाश होतो. एसएमपीएसच्या पेटीचे मात्र झाकण उघडण्याच्या फंदात पडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्या पोटात जीवघेणी वीज साठून असू शकते. तिच्या जाळीतून बाहेरूनच हवा मारावी.

धूळ काढताना पंख्यास धक्का लागला आणि तो एका कोपऱ्यात हलला. हलावयास नको होता. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर जो पंखा येतो तो प्लॅस्टिकच्या चार टाचण्यांनी मदरबोर्डात बसविलेला असतो. त्यांपैकी एक टाचणी सुटून वर आली होती. टेंपोतून येताना बसलेल्या धक्क्याचीच ही दुसरी करामत. एक कोपरा उचलला गेला की प्रोसेसर आणि वरचा धातू यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, आणि उष्णतेला तेवढी फट पुरते. दोघांमध्ये जी थर्मल पेस्ट लावतात ती तर पानाच्या डबीत तळाशी राहिलेल्या चुन्यासारखी वाळून भेगाळलेली. ती आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि सुती कापडाने पुसून काढली, मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मध्यभागी ठेवली, आणि पंखा बसवून टाचण्या दाबल्या. दाबताना शेजारशेजारच्या दाबू नयेत. समोरासमोरच्या, तिरप्या क्रमाने दाबाव्यात, आणि प्रत्येकीचा 'टक्' असा आवाज ऐकू येईतो सोडू नये. चौथीचा आवाज मुलाने काढला. पेस्टची नळी १८० रुपये.

त्यानंतर एक तास खेळ चालविला. प्रोसेसर ६६ अंशांच्या वर गेला नाही आणि फ्रेमचा आकडा ६० वरून ढळला नाही.

इतर कारणांचाही उल्लेख करावयास हवा, कारण प्रत्येकाचा टेंपो काही प्रोसेसरवर आणि मॉनिटरवरच आपटत नाही. कार्ड मदरबोर्डच्या सर्वांत वरच्या लांब खाचेतच असावे. खालची लांब खाच दिसावयास तशीच, पण पुष्कळदा तिला वेगाच्या वाटा कमी दिलेल्या असतात. दुसरी रॅमपट्टी पहिलीच्याच जातीची घेऊन योग्य खाचेत बसविली, तर रॅमचा वेग दुप्पट होतो. ज्यांच्याकडे वेगळे कार्ड नाही त्यांना याचा लाभ फार मोठा, ज्यांच्याकडे आहे त्यांना थोडाच. मागे कोणती आज्ञावली गुपचूप चालू आहे तेही टास्क मॅनेजरमध्येच दिसते. पॉवर प्लॅन 'पॉवर सेव्हर'वर राहून गेला असेल तर तो बदलावा. डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांवर असेल तर दोष ग्राफिक्सचा नसून जुन्या हार्ड डिस्कचा. एवढे पाहून झाल्यावरही कार्डाचा आलेख माथ्याला टेकलेला असेल, रिझोल्यूशन उतरविल्यावर आकडा वाढत असेल, आणि घरात खरोखर पैसे असतील, तर खुशाल नवे कार्ड घ्यावे. तेव्हा दुकानदाराचे म्हणणे बरोबर असते. पण एसएमपीएसचा विचार त्याचबरोबर करावा. १०५० टीआयला ७५ वॉट पुरतात आणि बहुतेक कार्डे तेवढी वीज खाचेतूनच घेतात. मोठ्या कार्डांना वेगळी वायर लागते, आणि जुन्या पेटीत ती नसली की खर्चाला पाय फुटतात.

मुलाने जाताना एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर आम्ही त्याला गुळमुळीत दिले, ते येथे नीट देतो. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेची दुरुस्ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळावयाची सोय करण्यात आली. विंडोज ११ साठी अधिकृतपणे लागणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत त्याचा आय-५ ४४६० नाही. एनव्हिडियानेही १०५० टीआयच्या पिढीसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरात थांबविले. सुरक्षेची दुरुस्ती तेवढी २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत देण्याचे जाहीर केले आहे. याचा अर्थ हे यंत्र उद्या बंद पडेल असा नाही. ज्या खेळासाठी ते ठेवले आहे तो खेळ ते आज उत्तम चालविते. परंतु बँकेचे व्यवहार, आधार, परीक्षेचे अर्ज असली कामे यावर करू नयेत, ती फोनवरून करावीत, आणि दोन-तीन वर्षांनी नव्या यंत्राचा विचार करावा लागेल हे आईला आताच सांगून ठेवावे. आम्ही त्याला हे त्याच वेळी स्पष्ट सांगितले नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद आम्हांस मोडवला नाही. ते बरोबर झाले नाही.

खर्च एकूण ५३० रुपये. ठेव पतसंस्थेत आहे तशीच आहे.

शुक्रवारी बाईंनी आम्हांस जपमाळेला बोलाविले. जपमाळ संपली, दोन वाट्या खीर झाली, आणि मुलगा संगणकापाशी जाऊन बसला. थोड्या वेळाने स्पीकरमधून मस्कतचा आवाज आला. तीन आठवड्यांनी बोलणारे दोघे भाऊ; आम्हांस वाटले, आधी काही रुसवा-फुगवा होईल. थोरला म्हणाला, "काय रे, जिवंत आहेस काय? चल, गाडी घे." पुढचा पाऊण तास दोघे एकमेकांच्या चुका काढीत होते. मधेच कुठेतरी, गोल करता करता, त्याने सांगून टाकले की त्याची खोली बदलली, नव्या खोलीत एक केरळचा मुलगा आहे आणि तो मासे फार तिखट करतो. बाईंनी हातातली भाजी ठेवली आणि आवाज जरा वाढवायला सांगितला.